बी.कॉम.वाल्यानं बाहेरून केलेला खगोलशास्त्राचा कोर्स

आधीच सांगतो, मी सायन्सचा नाही. बी.कॉम. झालंय, जिंतूरला मोंढ्यात एका आडतीवर हिशेब बघतो. सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या पट्ट्या करायच्या, टॅलीत एंट्र्या मारायच्या, संध्याकाळी रोकड मालकाकडं द्यायची अन् गाडी काढून येलदरी रोडनं गावाकडं निघायचं, हा आपला दिनक्रम. असल्या माणसानं खगोलशास्त्राचा सर्टिफिकेट कोर्स केला म्हणल्यावर बरेच जण विचारतात की झेपतं का, पैसे पाण्यात जातात का, घरी बसून आकाश शिकता येतं का, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकायलोय.

सुरुवात लायगोमुळं झाली, म्हणजे गुरुत्वीय लहरी, अवकाशातून येणारी बारीक थरथर, पकडायची वेधशाळा. औंढा नागनाथ आमच्या शेजारचंच, श्रावणात दर्शनाला जाणं असतंच. तिकडं लायगो होणार हे बरीच वर्षं कानावर होतं पण एप्रिल 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले तेव्हा टपरीवर दुसरा विषयच नव्हता. एक जण म्हणे जमिनीखालून बोगदा काढायलेत अन् त्यात अणूचं काहीतरी करणारेत, दुसरा म्हणे परग्रहावरच्यांचा आवाज ऐकायची मशीन हाय, तिसऱ्याला फक्त आजूबाजूच्या जमिनीचे भाव किती चढणार तेवढंच पाहिजे होतं. मी घरी येऊन मोबाइलवर वाचत बसलो. एकमेकींना काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, आतली हवा काढून टाकलेली, त्यातून लेझर जातो अन् आरशावरून परत येतो, अन् गुरुत्वीय लहर आली की दोन्ही नळ्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा फरक पडतो, तो मोजायचा. 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिल्यांदा अशी लहर पकडली, सुमारे 130 कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती त्याची. इथपर्यंत ठीक, पण मी हिशेबाचा माणूस, आकडा दिसला की पावती मागायची सवय. 130 कोटी प्रकाशवर्षं हे मोजलं कुणी अन् कोणत्या टेपनं? यूट्यूबवर शंभर व्हिडिओ हायेत पण प्रत्येक जण मधूनच सुरू करतो, पायापासून कुणी सांगत नाही. म्हणून रीतसर कोर्स शोधला.

एका विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा सर्टिफिकेट कोर्स सापडला. बारावी पास, शाखा कुठलीही, फी आमच्यासारख्याला परवडेल अशी. फॉर्म भरणं हाच खरा पहिला पेपर निघाला, फोटो एवढ्या केबीच्या आत, सही तेवढ्या केबीच्या आत, सगळं बरोबर भरून पेमेंटला गेलं की साइट फिरत बसायची. शेवटी झेरॉक्सवाल्या पोरानं सकाळी लवकर, कुणी नसताना, भरून दिला. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "शिक की, पण तुरीचा भाव कधी वाढतो तेवढं त्यातून कळलं पाहिजे."

अभ्यासाचं साहित्य म्हणजे इंग्रजीतल्या पीडीएफ, अन् त्यातल्या काही जुन्या छापील पुस्तकाच्या स्कॅन केलेल्या, वाकड्या. देवयानी दीर्घिकेचा (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह) फोटो म्हणून जे होतं ते नुसतं काळं चौकोन अन् मधी एक पांढरा डाग. रविवारी संध्याकाळी ऑनलाइन लेक्चर, शिकवायला एक मॅडम, अर्धं इंग्रजी अर्धं हिंदी, शिकवायच्या मात्र फार झकास. दोन असाइनमेंट, एक निरीक्षण वही अन् शेवटी ऑनलाइन परीक्षा. ह्यातली निरीक्षण वही हाच खरा कोर्स हाय असं माझं ठाम मत झालंय, बाकीचं तुम्हाला कुठंही वाचायला मिळंल. ग्रुपमधले कित्येक जण वही अॅपवर आकाश बघून भरायचे, मोबाइलमधला चंद्र बघून चंद्राच्या नोंदी. मार्क त्यांनाही पडले, पण मग कोर्स करायचाच कशाला.

आता गंमत बघा, कोर्स सुरू झाला जुलैत. वहीत पहिलंच काम, रात्री नऊ वाजता डोक्यावर कोणते तारे दिसतात ते लिहा. जुलैत! आमच्याकडं मिरगापासून दसऱ्यापर्यंत आभाळ कधी उघडं असतं? अन् पाऊस यावा म्हणून सगळं गाव देव पाण्यात ठेवून बसलेलं असताना मी एकटाच ढग जायची वाट बघायलो, हे आमच्या आबांना कळलं असतं तर घराबाहेर काढलं असतं. ते तीन महिने मग थिअरीत घातले. खगोल, विषुववृत्त, क्रांतिवृत्त (सूर्याची आकाशातली वर्षभराची वाट), विषुवांश, क्रांती. कागदावर हे इतकं कोरडं वाटतं की निम्मी लोकं इथंच गळतात, आमच्या ग्रुपमधलीही गळाली. मी टिकलो ते स्टेलॅरियम नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमुळं. आडतीवरच्या कॉम्प्युटरवर दुपारी गिऱ्हाईक नसताना आकाश पुढं-मागं पळवत बसायचं, मग क्रांतिवृत्त तिरकं कामून हाय ते डोक्यात शिरलं.

ऑक्टोबरात आभाळ उघडलं अन् पहिलं काम ध्रुवाचं. शाळेतल्या कंपास पेटीतला कोनमापक, त्याच्या सरळ कडेला चिकटवलेली शहाळ्याची नळी, मधल्या भोकातून दोरा अन् दोऱ्याला एक नट बांधलेला. नळीतून ध्रुव बघायचा, दोरा हलायचा थांबला की बायकोनं बॅटरी मारून आकडा वाचायचा, नव्वदातून वजा करायचा. आमच्या माळवदावरून ध्रुव किती खाली हाय हे त्याच्याआधी मला माहीतच नव्हतं, शेजारच्या लिंबाच्या शेंड्याला टेकलेला. आकडा यायचा 19 अन् 20 च्या मधी. मोबाइलमध्ये गावाचा अक्षांश बघितला तर साडेएकोणीसच्या आसपास. म्हणजे ध्रुवाची उंची हाच आपला अक्षांश, हे पुस्तकातलं वाक्य दहा रुपयांच्या कोनमापकानं खरं करून दाखवलं. बायको म्हणाली, "एवढा बारका? मला वाटलं ध्रुव सगळ्यात मोठा असतोय." सगळ्यांना तसंच वाटतं, गोष्टीतला ध्रुवबाळ डोक्यात असतो ना. प्रत्यक्षात तो दुसऱ्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचा दर्जा) तारा, त्याच्यापेक्षा ठळक चाळीसेक तारे आकाशात हायेत. माय तर सप्तर्षीला बाजलंच म्हणते, चार ताऱ्यांचं म्हातारीचं बाजलं अन् ते चोरून न्यायला आलेले तीन चोर, त्यातल्या मधल्या चोराजवळ अरुंधती. मॅडमला हे सांगितलं तर त्यांनी पुढच्या लेक्चरला सगळ्यांना सांगायला लावलं.

त्याच महिन्यात त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला. पेपरात रोज बातमी, पण कोजागरीचा चंद्र आडवा आला. पौर्णिमा सरल्यावर चंद्र उशिरा उगवायला लागला तेव्हा दिवेलागण झाल्यावर पश्चिमेला दुर्बिणीतून शेपूट स्वच्छ दिसली. दुर्बीण म्हणजे 10 बाय 50 ची साधी द्विनेत्री, ऑनलाइन मागवलेली. नवीन माणसानं टेलिस्कोपच्या नादाला लागू नये, स्वस्तातला टेलिस्कोप म्हणजे हलणारं स्टँड अन् रोजची चिडचिड. द्विनेत्रीनं नोव्हेंबरात देवयानी दीर्घिका सापडली. भाद्रपदांचा मोठा चौकोन धरायचा, त्याच्या कोपऱ्यातून शर्मिष्ठा तारकासमूहाच्या दिशेनं ताऱ्याताऱ्यानं सरकायचं, मग एक लांबट धुरकट पुंजका येतो. पीडीएफमधल्या पांढऱ्या डागापेक्षा फार काही वेगळं दिसत नाही खरं सांगायचं तर, पण तो उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला हाय. गावातली लाइट गेलेली असेल तर नुसत्या डोळ्यांनीही दिसते. लोडशेडिंगला शिव्या न घालणारा गावात मी एकटाच असणार.

डिसेंबरातलं गुरूचं काम मात्र सगळ्यात भारी. 7 डिसेंबर 2024 ला गुरू प्रतियुतीत होता, म्हणजे सूर्याच्या बरोबर उलट बाजूला, रोहिणीजवळ, रात्रभर आकाशात. वहीत द्यायचं होतं की गुरूच्या चार चंद्रांच्या जागा रोज चितारायच्या. परभणीकडची डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत हाय त्यांना माहीत हाय, पारा दहाच्या कितीतरी खाली जातो. शिडी भिंतीला लावायची, तिच्या पायरीवर दुर्बीण टेकवायची, श्वास रोखायचा, तेव्हा गुरूच्या दोन्ही बाजूला बारीक ठिपके एका रेषेत दिसतात. हात सुन्न, पेन चालत नाही म्हणून पेन्सिल. खालून बायकोचा आवाज, "अवो, आत या की, ते काय पळून जायलंय का?" पळूनच जायलं होतं ना! काल उजवीकडं दोन अन् डावीकडं दोन, आज डावीकडं एकच अन् एक गायब. आयो तर पावणेदोन दिवसात चक्कर मारतो, एका रात्रीत संध्याकाळी अन् पहाटे बघितलं तर जागा बदललेली. कॅलिस्टो निवांत, 16.69 दिवस घेतो.

मग केपलरचा तिसरा नियम तपासायचा, चकरेच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो हा. आयो गुरूपासून 4.22 लाख किलोमीटर, कॅलिस्टो 18.83 लाख. काळाचं गुणोत्तर 16.69 भागिले 1.77, आलं 9.43, त्याचा वर्ग 89. अंतराचं गुणोत्तर 4.46, त्याचा घन पण 89. एक्सेलच्या दोन खान्यांत 89 अन् 89 बघून मार्चएंडला रोजमेळ पैशासकट जुळल्यावर होतं तसं झालं. अंतरं पुस्तकातली होती, मान्य, पण कॅलिस्टोचा काळ मी माझ्या चित्रांवरून काढला होता अन् तो 17 दिवसांच्या आसपास आला होता, शिडीवरून एवढं जमलं ते लय झालं.

गणिताची भीती सगळ्यांना असते म्हणून त्यावर थोडं. ताऱ्यांची प्रत हा प्रकार सुरुवातीला डोकं फिरवतो, कारण तारा जितका ठळक तितका आकडा लहान, अन् फार ठळक झाला की ऋण. व्याध उणे 1.46, अगस्त्य उणे 0.74, पौर्णिमेचा चंद्र उणे 12.7, सूर्य उणे 26.7. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट, म्हणून एका प्रतीला 2.512 पट. इथं सायन्सवाली पोरं लॉग शोधत बसली अन् मी चक्रवाढ व्याजाच्या सूत्रात 2.512 घालून मोकळा झालो. चंद्र-सूर्यात 14 प्रतींचा फरक, 2.512 चा चौदावा घात, सूर्य पौर्णिमेच्या चंद्राच्या जवळपास चार लाख पट. बी.कॉम.वाल्यांनी घाबरायचं काही कारण नाही. जिथं खरंच अडतं तिथं त्रिकोणमिती असते, पण प्रास्ताविक कोर्सात ती बेताचीच.

वर्णपटाचा, म्हणजे उजेड फोडल्यावर पडणाऱ्या रंगांच्या पट्ट्याचा, धडा माझा सगळ्यात आवडता. चपलांच्या बॉक्सला एका बाजूला दोन ब्लेडमधली बारीक फट, आत तिरका ठेवलेला जुन्या सीडीचा तुकडा, वरून बघायला भोक. सूर्याकडं थेट बघायचं नाही, आभाळाकडं तोंड करायचं. घरातला एलईडी लावला तर सलग इंद्रधनुष्य. अडगळीतला जुना सीएफएल लावला तर वेगवेगळ्या रंगाच्या सुट्या रेषा, हिरवी लय ठसठशीत, ती पाऱ्याची. रेषेवरून मूलद्रव्य ओळखतात ते असं. पण मला खरा धक्का बसला तो पुढं. मृगातली काक्षी तांबूस अन् राजन्य निळसर पांढरा, हे आता कुणालाही अंगणातून दाखवतो मी, पण त्यांचे वर्णपट इतके वेगळे की पूर्वी वाटायचं ते वेगवेगळ्या पदार्थांचेच बनलेत. आपल्या मेघनाद साहांनी 1920 मध्ये तापमानाप्रमाणं वर्णपटातल्या रेषा कशा बदलतात त्याचं समीकरण मांडलं तेव्हा कळलं की फरक मुख्यतः तापमानाचा हाय, काक्षी साडेतीन हजार केल्विनच्या आसपास, राजन्य बारा हजारांच्या. अन् त्याच समीकरणावरून 1925 मध्ये सिसिलिया पेन या पंचविशीतल्या पोरीनं प्रबंधात काढलं की तारे बहुतांश हायड्रोजनचे हायेत, तर मोठ्या लोकांनी तिला हे शक्य नाही म्हणून लिहायला लावलं. काही वर्षांनी तिचंच खरं निघालं. आमच्या शाळेच्या पुस्तकात साहांचं नाव एका ओळीत होतं, ती ओळ कशाची होती ते आत्ता कळलं.

ह्याच धड्याला ग्रुपवर भांडण झालं. कोकणातल्या एकानं लिहिलं की हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला. 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं, पण ग्रहणात सूर्याचा वर्णपट बघणारा फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता, अन् इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियरनं हेलियमची ती पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडातूनच बघितली. मॅडमनी हे सांगितल्यावर कोकणवाले दोन दिवस गप्प होते.

जानेवारी 2025 मध्ये ग्रहांची परेड म्हणून व्हॉट्सॲपवर जे चाललं होतं त्याबद्दल जास्त लिहीत नाही. सगळे ग्रह क्रांतिवृत्ताजवळच दिसतात त्यामुळं रेष बारा महिने असतेच, त्या दिवसांत संध्याकाळी शुक्र, शनी, गुरू अन् मंगळ एकदम वर होते एवढंच. पण त्या निमित्तानं गल्लीतली माणसं माळवदावर आली अन् दुर्बिणीला रांग लागली, त्याबद्दल व्हॉट्सॲपचे आभार.

आता आबांची गोष्ट. आबा आयुष्यभर नक्षत्रावर शेती करत आलेले, रोहिणीत नांगरटीचं आवरायचं, मिरगात पेरायचं, हत्तीचा पाऊस रब्बीला. कोणतं नक्षत्र किती तारखेला निघतं अन् त्याचं वाहन काय, बेडूक का म्हैस, हे पाठ. पण मी विचारलं की आबा, मिरग निघाला म्हणजे नेमकं काय निघालं, तर म्हणाले, "पंचांगात लिव्हलेलं असतंय की." मृग नक्षत्र रात्री डोक्यावर दिसतं हिवाळ्यात, अन् पेरणीचा मिरग जूनमध्ये, हे दोन्ही त्यांना माहीत, पण ह्याची सांगड काय ते कधी विचारलं नव्हतं, मीही नव्हतं. सांगड अशी की सूर्य त्या नक्षत्राच्या जागेवर जातो तेव्हा ते निघालं म्हणायचं, अन् सूर्य तिथंच असल्यावर तारे दिवसा वर असणार, दिसणार कुठून.

नुसतं सांगून आबा ऐकणारे नाहीत. म्हणून एप्रिलपासून रोज संध्याकाळी रोहिणीचा तांबडा तारा त्यांना दाखवायला लागलो. एप्रिलच्या शेवटी दिवस मावळल्यावर पश्चिमेला चांगला दिसायचा, मग रोज खाली-खाली, मे लागल्यावर संधिप्रकाशात शोधावा लागला, अन् मेच्या मध्यापर्यंत दिसेनासाच झाला. आबा स्वतः येऊन म्हणाले, "गेली का रे रोहिणी?" म्हणलं सूर्य तिच्यापाशी पोचायलाय. पंचांग काढलं, सूर्य रोहिणी नक्षत्रात 25 मेला. चष्मा काढून आबा बराच वेळ ते पान बघत बसले. मग विचारलं, "अन् परत कधी दिसंल?" जूनच्या शेवटी, पहाटे, पूर्वेला. ढग नसले तर.

मग मी जास्तच पुढं गेलो अन् त्यांना संपातचलन सांगायला बसलो. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, सुमारे 25,800 वर्षांत एक चक्कर, म्हणजे 72 वर्षांत एक अंश. त्यामुळं ताऱ्यांवर मोजलेलं वर्ष ऋतूंवर मोजलेल्या वर्षापेक्षा वीसेक मिनिटांनी मोठं पडतं, अन् साधारण सत्तर वर्षांत नक्षत्राची तारीख एक दिवस पुढं सरकते. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, तो संक्रांतीचा दिवस होता, अन् आता संक्रांत येते 14 ला नाहीतर 15 ला. आबा म्हणाले, "म्हणजे माझ्या आज्ज्याचा मिरग एखाददिवस आधीच निघत व्हता?" हो. "मग पाऊस आजकाल उशिरा यायलाय तो ह्यानंच का?" नाही आबा, एका दिवसानं काय होतंय, पावसाचं गणित निराळं, वाऱ्याचं अन् समुद्राचं. त्यावर ते हसले. वाहनाबद्दल मी बोललो नाही. म्हैस असो का बेडूक, त्याच्यावर आबा आता पेरत नाहीत, मोबाइलवर हवामान बघूनच पेरतात, मग उगं कशाला वाद.

मेमध्येच शून्य सावली. आमच्या अक्षांशाला सूर्य बरोबर डोक्यावर येतो 17-18 मेच्या आसपास, अन् परत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, पण तेव्हा ढग. घड्याळात बारा वाजता नाही हां, आपली भारतीय वेळ 82.5 रेखांशाची, आमचं गाव 76.7 च्या जवळ, एका अंशाला चार मिनिटं म्हणजे 23 मिनिटं उशीर, त्यातून मेमध्ये सूर्य पावणेचार मिनिटं पुढं असतो ती वजा. आलं 12 वाजून 19-20 मिनिटं. अंगणात पाण्याच्या पाइपाचा तुकडा उभा केला, गल्लीतली पोरं सुट्टीवरच होती, अवकाळीचे ढग मधीमधी येत होते पण ऐनवेळी ऊन सापडलं. पाइपाची सावली बारीक होत होत बुडातच गेली. पोरांनी मग स्वतः उभं राहून सावली पायाखाली गेली का ते बघितलं, वहीला जोडलेला फोटो त्याचाच.

शेवटच्या धड्यांत माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर. जवळच्या ताऱ्याचं अंतर पराशयानं, सहा महिन्यांच्या अंतरानं दोनदा बघायचं अन् तारा किती सरकल्यासारखा दिसतो ते मोजायचं. बेसेलनं 1838 मध्ये हंस तारकासमूहातल्या 61 नंबरच्या ताऱ्यावर हे केलं, सरकणं एका अंशाच्या पाच हजाराव्या भागाहूनही कमी. त्याच्या पलीकडं हेन्रिएटा लेव्हिटनं 1912 मध्ये सांगितलेले सेफिड तारे, त्यांची उजळ-मंद व्हायची मुदत मोजली की खरी तेजस्विता कळते, अन् ती दिसणाऱ्या तेजाशी ताडली की अंतर. हबलनं देवयानीत असाच तारा शोधला तेव्हा ती आपल्या आकाशगंगेच्या बाहेर हाय हे ठरलं. प्रत्येक टेप आधीच्या टेपवर तपासलेली. अन् लायगोच्या 130 कोटीला तर ह्यातली कुठलीच लागत नाही, हे ऐकून मी लेक्चरमध्येच माइक चालू केला. लहरीच्या आकारावरून, तिची कंपनं कशी वाढत गेली त्यावरून, कृष्णविवरांचं वस्तुमान निघतं, त्यावरून ती लहर मुळात किती जोरकस असणार ते कळतं, अन् इथं पोचली तेव्हा किती क्षीण झाली होती ते मोजलेलं असतं. झालं अंतर. ज्याच्यासाठी कोर्स केला ते पीडीएफमध्ये जेमतेम दीड पान होतं. 2024 मध्ये हिंगोलीकडं मार्चमध्ये अन् जुलैत भूकंपाचे धक्के बसले तेव्हापासून टपरीवर म्हणतात, आता कशाचं लायगो. आरसे एकाखाली एक लोलकासारखे टांगलेले असतात, जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून, हे मी सांगून बघितलं. ऐकून घेतात.

परीक्षा ऑनलाइन, कॅमेरा चालू ठेवून. गावात लाइट गेली की नेट जातं म्हणून रविवारी, मोंढा बंद असताना, दुकानात बसलो, मागं तुरीची थप्पी. मधीच कुणीतरी अर्धं शटर उचलून, "शेठ हायेत का?" स्क्रीनवर लगेच लाल अक्षरात वॉर्निंग, दुसरा माणूस दिसतोय. हातानं जा-जा केलं तर संशयास्पद हालचाल म्हणून आणखी एक. प्रश्न सोपे होते, बहुतेक पर्यायी, वहीवर घाम गाळलेल्या माणसाला तर फारच सोपे. निकाल मात्र कैक मेल करून, फोन करून, दिवाळीच्या तोंडावर आला. सर्टिफिकेटवर नावातली एक वेलांटी चुकलीय, ती दुरुस्त करायला परत वेगळा फॉर्म, तो मी भरलेला नाही.

पुढच्या पातळीच्या कोर्सला बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजे म्हणतात. मी मेल टाकलाय की निरीक्षण वही बघून घेता का, उत्तर नाही. तोपर्यंत मायावतीवर बसलोय. ययाती तारकासमूहातला तारा, 2 दिवस 20 तास 49 मिनिटांनी दुसरा तारा त्याच्या आड येतो अन् तो 2.1 वरून 3.4 प्रतीपर्यंत मंद होतो, नुसत्या डोळ्यांनी शेजारच्या ताऱ्यांशी ताडून आकडा लिहायचा. अमेरिकेत 1911 पासून चाललेली हौशी निरीक्षकांची एक संस्था हाय, रूपविकारी, म्हणजे तेज कमी-जास्त होणाऱ्या, ताऱ्यांच्या असल्या नोंदी घेते, शिक्षण विचारत नाही. माझ्या नोंदी एक्सेलमध्ये हायेत, अजून जरा बऱ्या झाल्या की पाठवणार. आडचण एवढीच की ह्या महाराजाची मंद व्हायची वेळ बरेचदा ऐन सौद्याच्या वेळी, भर दुपारी येते.